मागच्या डाव्या कोपऱ्यातली हवा

आमच्या शेजारचे मेश्राम काका दर रविवारी सकाळी एका भगोन्याला बसमधून फिरवून आणतात.

भगोनं, म्हणजे पातेलं, पितळेचं आहे. त्यात काठाच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरायचं, बसच्या मागच्या पलंगावर मधोमध ठेवायचं आणि झाकण न लावता गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीहून इथल्याच गोरेगावपर्यंत जाऊन परत यायचं. आल्यावर काका चपला काढून बसमध्ये चढतात आणि गादीवर हात फिरवून बघतात. गादी कोरडी असेल तर दिवसभर त्यांची शीळ ऐकू येते. ओली असेल तर त्या दिवशी त्यांच्या दारात कोणी जात नाही.

आम्ही मुर्रीत राहायला आलो तेव्हा मला वाटलं, ही इथली एखादी पूजा असेल. आईला विचारलं, तर ती म्हणाली की काकांच्या घरात बुद्धवंदना होते, पूजा नाही. आणि वंदनेत भगोनं नसतं.

मी फारशी कोणाकडे जात नाही. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करते आणि माझ्या टेबलाची खिडकी काकांच्या अंगणात उघडते, त्यामुळे न जाताही मला बरंच दिसतं. काका मला नावाने हाक मारत नाहीत. मी इंग्रजी शाळेत शिकले हे कळल्यापासून मी त्यांच्यासाठी ‘कॉन्व्हेंट’ आहे.

तीसेक वर्षं त्यांनी ट्रॅव्हल्सची बस चालवली, गोंदिया ते हैदराबाद. मालकाने धंदा बंद केला तेव्हा त्यातली एक लहान बस ते घरी घेऊन आले. खुर्च्या काढल्या. पलंग, पंखा, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. पोरं तिला घरबस म्हणतात. बसचा खरा गुण मात्र खाली आहे. मागच्या चाकांवर स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे आहेत. गॅरेजवाले त्यांना बलून म्हणतात. रस्त्यातला खड्डा बलूनमध्ये जिरतो, वर पोचत नाही.

हे सगळं काकूंसाठी. दोन वर्षांपूर्वी काकू पडल्या आणि त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आता त्या वॉकर धरून अंगणापर्यंत चालतात, पण ऑटोत किंवा कारमध्ये बसवलं तर पहिल्याच गचक्याला त्यांचा चेहरा पांढरा पडतो. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली ती एका अटीवर: आडवं पडून, आणि धक्का लागता कामा नये. तेव्हापासून काकूंच्या जागी भगोनं प्रवास करतं.

यंदा भगोन्याची परीक्षा संपणार होती. नवेगाव बांध या गावी काकूंच्या भाचीचं, पल्लवीचं लग्न होतं. पल्लवी शाळेची आठ वर्षं काकूंकडेच राहिलेली. लग्न रविवारी. त्यासाठी काकांनी आधीच्या सोमवारी बस एका गॅरेजमध्ये नेली आणि मागचे दोन्ही बलून नवीन बसवून आणले.

मंगळवारी सकाळी मी खिडकी उघडली तर बस एका बाजूला कलली होती. काका मडगार्डजवळ उकिडवे बसून चाकाची आणि पत्र्याची मधली जागा बोटांनी मोजत होते. डावा कोपरा चार बोटं खाली आला होता.

त्यांनी गॅरेजला फोन लावला, स्पीकरवर, कारण काकांना सगळं जगासमोर करायला आवडतं. तिकडून मेकॅनिक शांतपणे म्हणाला, “चाचा, नया माल है, थोड़ा बैठेगा.”

“बसायले तो का पाहुणा हाये?” काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मग साबण निघाला. काकांची दाढीची वाटी आणि ब्रश. जिथून हवा जाते तिथे साबणाचा फेस फुगतो, हे त्यांचं शास्त्र. या ब्रशने त्यांनी आजवर गल्लीतले सगळे सिलिंडर, सायकलच्या ट्यूबा, कुकरची झाकणं तपासली आहेत. एकदा माझ्या वडिलांच्या वॉटर प्युरिफायरला न विचारता फेस लावून गेले होते. “हवा खोटं नाई बोलत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “माणूस बोलते.”

बसखाली जाण्याआधीचा त्यांचा एक नियम आहे आणि तो ते कधीच मोडत नाहीत. हवेवर उभी असलेली बस आवाज न करता खाली येते आणि खालच्या माणसाला उठायला वेळ देत नाही. म्हणून आधी चेसिसखाली सागाचे ठोकळे लावायचे, बस त्यांच्यावर टेकवायची, मगच आत सरकायचं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन दिवस काका ठोकळ्यांमध्ये झोपून प्रत्येक नळीला, प्रत्येक जोडाला फेस लावत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. ठोकळे काढले, इंजिन चालू करून बलूनमध्ये हवा भरली, बस उचलली, की दोन तासांत डावा कोपरा पुन्हा खाली.

त्यांची शीळ बंद झाली. नवेगावहून काकूंच्या भावाचा रोज फोन यायचा, आणि काका रोज एकच सांगायचे, येऊन राहिलो. काकू म्हणायच्या, नाही जमलं तर नाही जमलं, पल्लवी समजून घेईल. पण त्यांची निळी साडी इस्त्री करून खुंटीवर लावलेली होती आणि बोलताना त्या तिच्याकडे बघायच्या नाहीत.

शुक्रवारी काका आमच्या दारात आले. हातात बलूनच्या खोक्यातून निघालेला, घडी उलगडून मळलेला कागद.

“कॉन्व्हेंट, हे वाच. कंपनीवाला का म्हणून राहिला ते सांग.”

मी वाचलं. बरंचसं आकृत्यांबद्दल होतं. एक ओळ अशी होती की गळती तपासताना गाडी पूर्ण उंचीवर आणि नेहमीच्या वजनासह असावी. मी ती मराठीत सांगितली. काका हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. कंपनीवाल्याचं काय जातं, तो येऊन झोपतो का बसखाली, असं म्हणून त्यांनी कागद खिशात कोंबला. मला पुढे काही सुचलं होतं. मी बोलले नाही. मला समोरच्याचा आवाज चढला की शब्द सापडत नाहीत, तिन्ही भाषांत.

शनिवारी दुपारी काकूंनी हट्ट धरला की एकदा पलंगावर झोपून बघते, म्हणजे उद्या कळणार ते आज कळेल. काकांनी पायरीवर पाट ठेवला, त्यांना एका हाताने कमरेला आणि एका हाताने कोपराला धरून चढवलं. इतक्या हळू, की मी खिडकीतून उठून मदतीला गेले तोपर्यंत त्या दुसऱ्याच पायरीवर होत्या. मला काकूंजवळ बसवून काका इंजिन चालू करायला गेले. बस हळूहळू वर आली. आणि माझ्या पायाखालून, पलंगाच्या बरोबर खालून, बारीक आवाज येऊ लागला. कोणीतरी दात आवळून श्वास सोडावा तसा.

काका उडी मारून आले. काकूंना उतरवलं, ठोकळे लावले, बस त्यांच्यावर टेकवली, खाली गेले. आवाज थांबला. फेस लावला. काही नाही.

मी बाजूला वाकून बघत होते. काकूंना उतरवताना बस वर होती, तेव्हा बलूनकडे जाणारी काळी नळी ताणली जाऊन सरळ झालेली मी पाहिली होती. आता ती सैल लोंबत होती.

काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर फेस होता आणि डोळे लाल. ठोकळे लाथेने सारत ते म्हणाले की जाऊ दे, भावाला फोन करतो, सांगतो नाही येत. काकू वॉकर धरून उभ्या होत्या.  खुंटीवरची साडी काढून घडी करायला आत जाव्यात तशा वळल्या.

“काका,” मी म्हटलं, “ठोकळ्यांमुळे सापडत नाहीये.”

“का म्हणून राहिली?”

“तुम्ही ठोकळे लावता तेव्हा बस खाली येते, वजन ठोकळ्यांवर जातं. नळी सैल होते. मग ती गळत नाही. ती फक्त बस वर असताना गळते.”

“म्हणजे मी ठोकळे नाई लावायचे? वरून बस पडली तर तू येशील का काढायले?” त्यांचा आवाज चढला. गल्लीतल्या दोन दारांतून माणसं बघू लागली. माझे कान गरम झाले. तिथून निघून जाणं सोपं होतं, खिडकी दहा पावलांवर होती.

“लावायचे,” मी म्हटलं. “पण बस त्यांच्यावर टेकवायची नाही. उंच लावायचे. वर बोटभर जागा सोडायची. बस हवेवरच राहील. खाली आलीच, तर बोटभरच येईल.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग ठोकळ्यांकडे. मग त्यांनी भुवयांवरचा फेस पुसला आणि घरातून स्वयंपाकाचे दोन्ही पाट आणून ठोकळ्यांवर ठेवले.

वजनाचा प्रश्न उरला. पलंगावर काकूंना झोपवून खाली जायला काका तयार नव्हते. त्यांनी धानाची पोती काढायला सांगितली आणि काकूंना नखशिखांत न्याहाळून मोठ्याने म्हणाले, “दीड पोतं.”

काकू म्हणाल्या, “एक.”

“दीड.”

“तुमच्या घरी येऊन झालं असंल,” काकू म्हणाल्या, आणि त्या पाच दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मनापासून हसलं.

दीड पोतं धान पलंगावर चढलं. इंजिन चालू झालं, बस पूर्ण वर आली, पाटांवर बोटभर जागा राहिली. काका ब्रश तोंडात धरून आत सरकले. आम्हाला त्यांचे फक्त पाय दिसत होते. बराच वेळ ते पाय हलले नाहीत. माझं सगळं लक्ष त्या बोटभर जागेवर होतं. ती कमी होत होती. हळूहळू, पण होत होती.

मग खालून आवाज आला, “दिसली.”

गॅरेजमध्ये जुनी नळी काढताना टोकाशी तिरकी कापली गेली होती आणि तीच आखूड नळी पुन्हा जोडात ढकलली होती. बस उठली की ती ओढली जायची आणि जोडाच्या एका कडेने हवा निसटायची. काका गोंदियातून नवी नळी घेऊन आले, वीतभर जास्त लांब, ब्लेडने सरळ कापलेली. ती बसवून त्यांनी मडगार्डच्या आत चाकाच्या उंचीवर खडूची रेघ मारली. रविवारी सकाळी रेघ चाकाच्या बरोबर उंचीवरच होती. मला त्यांनी बोलावून दाखवली. शाबासकी वगैरे दिली नाही. फक्त म्हणाले, “चाल, तूही. मागं तिच्यापाशी बस.”

म्हणून मी, जी मावशीच्या लग्नालाही मागच्या रांगेत बसले होते, एका अनोळखी लग्नाला निघाले.

काका सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत होते. गोरेगावपर्यंत काकू बाहेर बघून मला कोणाचं शेत कोणतं ते सांगत होत्या. कोहमारा सोडल्यावर जंगल लागलं. तिथे एका लहान पुलाच्या तोंडाशी रस्ता खचला होता. काकांनी जवळजवळ थांबून बस घातली. बलूनने जमेल तेवढं जिरवलं. उरलेलं वर आलं. काकूंनी माझं मनगट धरलं. तोंड खिडकीकडे फिरवलं आणि ओठ मिटून घेतले. त्यांची नखं माझ्या हातात रुतली आणि बराच वेळ रुतून राहिली.

पुढून काकांनी विचारलं, बरोबर आहे ना. काकूंनी रोखलेला श्वास सोडला आणि म्हणाल्या, “एकदम मस्त.” मग मला, अगदी हळू, “त्यायले सांगू नको.”

लग्न तलावाजवळच्या मंडपात होतं. पल्लवी नवरीच्या साडीतच बसकडे धावत आली. दोघी इतका वेळ गळ्यात गळा घालून होत्या की लग्न लावायला आलेल्या भंतेजींना थांबावं लागलं. काका मंडपात दिसले नाहीत. जेवणं सुरू झाल्यावर कोणीतरी माझ्या हातात त्यांचं ताट दिलं.

मी बसमध्ये चढले. काका काकूंच्या पलंगावर आडवे झाले होते, डावीकडे, बरोबर त्यांच्या जागी. डोळे उघडे, छताकडे. मला बघून उठले नाहीत.

“या बाजूनं मी कधी झोपूनच पाह्यलं नाई,” ते म्हणाले. “समोर बसून चालवणाऱ्याले मागचं काहीच नाई कळत.”

मी ताट शेगडीजवळ ठेवलं.

“स्कूटरवरून पडली ना ती, तेव्हा मी बोलून राहिलो होतो. भाजीचं की कायचं. ब्रेकरवर पडली, मले मालूमच नाई. चौकापर्यंत एकटाच बोलत गेलो.” त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “पुलावर आवाज केला का तिनं?”

“नाही काका,” मी म्हटलं. “झोपल्या होत्या.”

काका उठून बसले. ताट घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. ते माझ्या मनगटाकडे बघत होते. तिथे चार लाल चंद्रकोरी होत्या. मी ओढणी मनगटावर ओढली, पण उशीर झाला होता.

 काकांनी ताट मांडीवर घेतलं, भात कालवला, दोन घास खाल्ले. मग खिडकीतून मंडपाकडे बघत म्हणाले,

“वापसीले दुसऱ्या रस्त्यानं जाऊ. लांब पडते. पण पूल नाई त्याच्यावर.”