सासूबाईंच्या पाठीचे काप

काप पहिला

मशीन कुठलंही असो, ते मला कळतं! तळेगावच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. प्रेस नुसती खोकली तरी तिचं काय दुखतंय ते मी डबा खाता खाता सांगतो. त्यामुळे सासूबाईंच्या पाठीचा एमआरआय काढायचं ठरलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, "हर्षदा, तू रजा काढू नकोस. लोणावळ्याला जायचं, मामींना आत सरकवायचं, बाहेर काढायचं, जेवायला घरी!"

"अहो, आई आहे ती माझी. भट्टीतला पाव नाही. आणि त्या मशीनचा आवाज लय मोठा असतो म्हणे, तिला आधी नीट सांगा."

"सांगतो की!"

तुम्हालाही एक सांगून ठेवतो. एमआरआय माणसाचे काप काढतं. घाबरू नका, सुरी नसते, लोहचुंबक असतं. चित्रात पाठीचे पातळ पातळ काप दिसतात. अट एकच, माणसानं हलायचं नाही. हललं की काप पुसट, आणि पुन्हा पहिल्यापासून! ही गोष्टही मी कापाकापानंच सांगतोय. मध्ये हलली तर सांभाळून घ्या.

काप दुसरा

सरुबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना मामी म्हणतो. कान्ह्याला असतात. भाताची खाचरं आणि दोन म्हशी. खाचरं सासरे बघतात, गोठा त्या एकट्याच. पाठ गेली, मग डावा पाय सुन्न पडायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं, "नस किती दबलीय ते बघितल्याशिवाय मला काही ठरवता येणार नाही. आणि उशीर केलात तर पाय लुळा पडेल."

गाडीत मी मामींना समजावत होतो. "वजन उचलताना गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. आमच्या कंपनीत तसं मोठं पोस्टरच लावलंय!"

"व्हय? मंग ते पोश्टरच धाडा कान्ह्याला."

"कशाला?"

"शेण काडंल की ते."

मी विषय बदलला. "मामी, मशीनचा थोडा आवाज होतो हं."

"हुं द्या. म्हशी काय कमी वरडत्यात?"

झालं! सांगितलं.

काप तिसरा आणि चौथा

लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये गेले. काही दिसत नाही.

काप पाचवा

आत जाताना अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्रावरून रामायण होणार म्हणून मी घरून भाषण तयार करून आणलं होतं. "मामी, हे बघा, विज्ञान असं सांगतं की..." एवढ्यात मामींनी मंगळसूत्र, जोडवी, कुड्या काढून माझ्या ओंजळीत टाकल्या.

"काढायला काय लागतंय? भात झोडताना काडतेच की!"

भाषण वाया गेलं. मशीन चालवणारी मुलगी राजेश्वरी, वयानं लहान पण आवाजात हेडमास्तरीण. तिनं मामींना फळीवर झोपवलं आणि हातात रबरी फुगा दिला. "काकू, त्रास झाला तर हा दाबा. बाकी अजिबात हलायचं नाही."

मामींनी बोगद्यात डोकावून पाहिलं. "ह्यो तर खंडाळ्याचा बोगदा की! इंजिन न्हाई ना यायचं समूरनं?"

काचेमागच्या खोलीत राजेश्वरी आणि दारात मी. मामींचा आवाज स्पीकरवर इकडे, तिचा माईकवरून तिकडे. दार मी उघडंच ठेवलं, कारण मागे बसलेल्या पेशंटांना मशीनची माहिती देत होतो.

काप सहावा (हलला)

ठाक-ठाक-ठाक-ठाक.

थांबलं.

डुग्ग-डुग्ग, डुग्ग-डुग्ग, डुग्ग...

आधी मामींच्या पायाचा अंगठा. मग पाऊल. मग दोन्ही पाय. मग हातातला फुगा! फुगा दाबला की आमच्या खोलीत बझर वाजतो. तो ठेक्यात वाजायला लागला. डुग्ग-डुग्ग-पीं! डुग्ग-डुग्ग-पीं! आणि स्पीकरवर...

"हूंऽऽऽ!"

राजेश्वरीनं मशीन थांबवलं. स्क्रीनवर मामींचे मणके होते. मणके कसले, पुरात वाहून चाललेला पेंढा!

"काकू, हललात का?"

"मी? कुटं हलले? डोळा लागला वाटतं जरासा."

मधेच राहून गेलेला काप

हा खरं तर आधी यायला हवा होता. जाखमातेच्या जत्रेत संबळ वाजला की मामींच्या अंगात बया येते. गावात त्यांचा तो मान आहे. दरवर्षी मी समोर उभा राहून नारळ धरतो. पण संबळ आणि एमआरआय यांचा ठेका एकच असेल, हे मेंटेनन्सच्या माणसाला कसं सुचावं?

काप सहावा, परत (परत हलला)

मी म्हणालो, "ही टेक्निकल अडचण आहे. आवाज आवाजानं मारायचा! हेडफोनवर काहीतरी लावा."

"काय लावू?"

"देवाचं लावा. शांत वाटेल."

राजेश्वरीनं देवाचं लावलं. लागला नेमका देवीचा गोंधळ! म्हणजे आता बोगद्यात एकाचे दोन संबळ झाले. बझर थांबेचना. फळी गदागदा हलायला लागली. राजेश्वरीनं मशीन आणि गोंधळ दोन्ही बंद केलं, तरी बोगद्यातून असा हुंकार आला की मागे बाकावरचे सगळे उभे राहिले.

त्यातले परंदवडीचे दत्तोबा, मानेला पट्टा, चपला काढून थेट दारात आले. "कोन द्येव आलाय?"

"आबा, बसा तुम्ही. तपासणी चाललीय," मी म्हणालो.

"तुज्याशी न्हाई बोलत मी." मान वळत नव्हती म्हणून ते अख्खेच माईककडे वळले. "बये, माजी मान बरी व्हईल का?"

स्पीकर म्हणाला, "व्हईल! आदी डाक्तरचं ऐक! रातच्याला मोबाइल बघू नगं!"

दत्तोबांनी गाल बडवून घेतले. त्यांच्या मागे रांग लागली! एका बाईला लेकीच्या लग्नाचं विचारायचं होतं, एका काकांना सोनोग्राफीचं, आणि आमचा नंबर कधी हे तर सगळ्यांनाच.

राजेश्वरी मात्र घड्याळाकडे बघत होती. "हे बघा, अजून एकदाच प्रयत्न करते. नाही जमलं तर भूल देऊन करावं लागेल, आणि भुलीचे डॉक्टर पुढच्या आठवड्यात येतात."

पुढचा आठवडा! माझ्या डोळ्यांसमोर मामींचा तो सुन्न पाय आला. पहिल्यांदाच मला मशीनबद्दल काही बोलावंसं वाटेना.

दत्तोबा म्हणाले, "पावनं, झाडाला दम दिऊन काय व्हनार? बयेला इनवा." अंगात आलेला देव आपल्या माणसाला 'झाड' म्हणतो. "घरचं मानूस हाय ना तुमी? बोला!"

राजेश्वरीनं माईकचं बटण दाबून धरलं. मी चपला काढल्या.

"आई, जरा स्थिर राहा."

"कोन बोलतोय?"

"मी... सुहास. जावई."

"जावाई! माजं झाड वाकून वाकून मोडलं. शेण कोन काडतंय?"

"झाड काढतं."

"हितनं फुडं कोन काडनार?"

मी राजेश्वरीकडे पाहिलं. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. मागची सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

"माणूस... माणूस लावू आपण."

"हूंऽऽऽ!" फळी हलली.

"मी! मी काढीन!"

"कवा?"

"सवड मिळेल तसा..."

पीं! पीं! पीं!

"दर रविवारी!"

"समदी ऐकताय न्हवं?"

"व्हय, बये!" मागून सगळे ओरडले. दत्तोबांचा आवाज सगळ्यात मोठा.

"मंग वाजीव तुजा संबळ! झाड हलायचं न्हाई."

काप सातवा ते शेवटचा

मशीन धडाडलं, ठोकलं, कोकललं. मामी पाटावरवंट्यासारख्या निश्चल! अंगठासुद्धा हलला नाही. मणके असे आले की मोजून घ्यावेत.

"इतके स्वच्छ काप मला आठवडाभरात मिळाले नव्हते," राजेश्वरी म्हणाली.

हाडांचे डॉक्टर खालच्याच मजल्यावर बसतात. त्यांनी चित्रं उजेडाकडे धरली. मी मामींचं मंगळसूत्र मुठीत आवळून उभा होतो.

"गादी सरकलीय. नस दबलीय, पण थोडी. ऑपरेशन नको. गोळ्या, व्यायाम, आणि वाकणं बंद. शेणघाण तर अजिबात नाही. घरात दुसरं कुणी आहे का करायला?"

"हाय," मामी म्हणाल्या.

काप, जो कुणी मागितला नव्हता

परतताना मी जरा उदार झालो होतो. पाय वाचला, ऑपरेशन टळलं. आणि अंगात आलेलं नंतर कुणाला आठवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परंदवडीचे दत्तोबा काही कान्ह्याला साक्ष द्यायला येणार नाहीत!

"मामी, आत काय काय झालं, काही आठवतंय का?"

"न्हाई बा. काय बोलले का मी?"

"छे! काही नाही."

"बरं."

मी शीळ घातली. कामशेत मागे पडलं. मामींनी सीटला मान टेकली आणि डोळे मिटले.

"पाव्हणं, आयतवारी येताना गमबूट आना. गोठ्यात लय राडा असतोय."

मी ब्रेक दाबला! "मामी! तुम्हाला तर काही आठवत नव्हतं!"

मामींनी डोळे उघडले नाहीत.

"हूंऽऽऽ," त्या म्हणाल्या.

मी गमबूट घेतले. हर्षदानं विचारलं तेव्हा सांगितलं, कंपनीनं दिलेत.