नाना मागचं दार तपासतात

माझ्या मुलाच्या बारशाचा पेढा नानांनी आधी उलटा करून पाहिला, मग विचारलं, "कुठनं आणला?" दुकानाचं नाव कळल्यावरच तोंडात टाकला. बायको आठवडाभर फुगून बसली होती.

नाना आकुर्डीला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि चाकणच्या आमच्याच कंपनीत स्टोअर सांभाळतात. मूळचे तिकडच्याच एका गावचे. "ज्याची आवक पक्की न्हाई, त्यो माल न्हाई," हा त्यांचा धर्म. एकदा खुद्द मालकांच्या डिकीतून चलनाशिवाय बोल्टची पेटी आली. नानांनी ती गेटाबाहेर काढून ठेवली. मालक तावातावाने आले आणि निमूट चलन करायला गेले. पण बांधावरून ज्याच्याशी कोर्टकज्जा चालू होता, त्या भावकीतल्या माणसाकडून वॉशर आले, तेव्हा नानांनी ते मोजून मोजून पास केले. "माल चांगला हाय. माणसाचं मला काय करायचंय?"

अशा माणसाच्या एकुलत्या एका पोरीने नेदरलँड्सहून फोन केला. स्वाती ताथवड्याला इंजिनिअर होऊन तिकडे नोकरीला गेलेली. तिची आई चार वर्षांपूर्वी वारली. स्वाती म्हणाली, "पप्पा, मला यान नावाच्या इथल्याच एका मुलाशी लग्न करायचंय. तो गांजा पिकवतो. पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही करणार."

"आजून धरला न्हाई त्याला?" नानांनी विचारलं.

मग स्वातीने तिथला कायदा समजावला. तिकडे ठरावीक दुकानांत माणशी थोडा गांजा विकला, तर सरकार काणाडोळा करतं. पण तो पिकवणं आणि दुकानाला पुरवणं मात्र गुन्हा.

नानांचं डोकंच फिरलं. जिना उतरून माझ्याकडे आले. "फुडच्या दारानं विकाय मुभा, अन् मागच्या दारानं येनारा माल चोरीचा? आवक न्हाई अन् जावक चालू? आन् ह्यांना पुढारल्याला देश म्हन्त्यात?"

गांजाचं त्यांना काही वाटलं नव्हतं. मागच्या दाराचं वाटलं होतं.

स्वाती म्हणाली, हेच निस्तरायला आता सरकारने परवानाधारक शेती सुरू केलीय. काही शहरांतल्या दुकानांनी तिथूनच माल घ्यायचा. यान अशाच एका ठिकाणी कामाला आहे.

"मी बघून मंग सांगतो," नाना म्हणाले आणि रजा टाकून, स्टोअरमधलं माल तपासायचं भिंग घेऊन विमानात बसले.

तिथून रोज फोन यायचा. गांजाच्या दुकानात त्यांच्याकडे वयाचा पुरावा मागितला. अठ्ठावन्न वर्षांचे, डोकं पांढरंशुभ्र! दुसरा कोणी चिडला असता, नाना खूश. शेतीच्या गेटवर त्यांचं नाव लिहून घेतलं, अंगावर पांढरा डगला चढवला. "परत्येक रोपाला नंबर हाय, राव. प्रयोगशाळेचा दाखला हाय. छाटलेल्या पाल्याची सुदीक वजन करून नोंद!" तीन तास त्यांनी यानला प्रश्न विचारून घाम फोडला. दुभाषी स्वातीच. एका प्रश्नावर तो म्हणाला, हे मला माहीत नाही, बघून सांगतो. नानांना तेच उत्तर सगळ्यात जास्त आवडलं.

सगळं पास झालं. पण होकार काही येईना. एक दिवस, दोन दिवस. नाना पुन्हा शेतीवर गेले, दुकानात गेले, यानच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उघडून पाहिले. चौथ्या दिवशी स्वातीचा मला फोन. रडत होती. "काका, पप्पांना काय खटकलंय? तुम्ही विचारा ना." मी फोन करायच्या आतच नानांनी हो म्हटलं. पोरीचा हात यानच्या हातात दिला आणि परतीचं तिकीट काढलं.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. मी विचारलं, "नाना, सगळं पहिल्याच दिवशी पास केलंत. मग पुढं काय तपासत होता?"

नानांनी खिशातून भिंग काढून रुमालानं पुसलं.

"खोट हुडकत हुतो," म्हणाले. "येक जरी घावली आसती, तर पोरीला संगं घिऊन आलो आसतो."