साळिंदरांच्या सुनेचा भाऊ

एका जंगलात, बाळांनो, भिंतींना कान नव्हते. सुनेला होते.

ती बिळाच्या तोंडाशी कंद सोलत बसली होती. आतून सासूबाईंचा आवाज आला, "कुणी विचारलं तर सांगायचं, सुनेचा भाऊ आहे. ती कुठली बोलतेय! तोंड आहे की नाही, तेच मला अजून कळलेलं नाही."

ही साळिंदरांची नवी सून, केतकी.

झालं होतं असं. सासरे नानासाहेब यांनी घराला लागून एक जादा बीळ खणलं होतं. भाड्याने द्यायला. त्या जंगलात असं बीळ खणायचं तर वनपंचायतीची परवानगी लागे. भाडेकरूशी लेखी करार लागे.

"परवानगी मागितली तर ते नाही म्हणतील," नानासाहेब म्हणाले. "मागितलीच नाही, तर नाही कोण म्हणणार?"

"आणि करार, नाना?" केतकीच्या नवऱ्याने विचारलं.

"करार परक्याशी करतात. जो आपल्याला भाडं देतो तो परका कसा?"

जादा बिळाला अडीअडचणीत पळायला दुसरं तोंड ठेवावं, असाही नियम होता. "म्हणजे भाडेकरूनं पळून जायची सोयही आपणच करायची?" सासूबाई म्हणाल्या. दुसरं तोंड खणलंच नाही. घराणं बुद्धिमान होतं, बाळांनो.

भाडेकरू मिळाला. दगडू घोरपड. घोरपड एकदा चिकटली की दोर लावून ओढली तरी सुटत नाही, हे साळिंदरांना ठाऊक होतं. त्यांना तो गुण वाटला. दगडू भाड्यापोटी रोज टोपलीभर कंद आणू लागला. घरात रास लागली.

शेजारचा ससा आला. "वहिनी, तुमच्या खणण्यानं माझं छत खचलंय. आणि हा कोण?"

"सुनेचा भाऊ."

"याला काटे कसे नाहीत?"

"तिच्या माहेरी सगळं बेताचंच," सासूबाई म्हणाल्या.

केतकी कंद सोलत राहिली.

पंचमी आली. लग्नानंतरची पहिली. केतकीचा खरा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. अंगभर काटे, हातात लाह्यांची पुरचुंडी.

नानासाहेबांनी त्याला दारातच अडवलं. "तुमचा एक भाऊ इथं आधीच राहतोय. दुसरा दिसला तर लोक काटे मोजतील. पुढच्या वर्षी या."

तो मागे वळून वळून बघत ओढ्यापलीकडे गेला आणि तिथेच झाडाखाली बसून राहिला. केतकीला तो दारातून दिसत होता. पुरचुंडी तेवढी सासूबाईंनी ठेवून घेतली होती. त्या लाह्या खात होत्या.

तेवढ्यात सशाच्या तक्रारीवरून वनपंचायतीचा तपासनीस आला. तरस होता तो.

"भाडेकरू ठेवलाय म्हणे?"

"छे छे! सुनेचा भाऊ आहे," तिघं एका सुरात म्हणाले.

"मग ही कंदांची रास? भाडं ना?"

"इश्श, भाडं कसलं!" सासूबाई म्हणाल्या. "भावानं बहिणीला आणलेत. तिचेच आहेत सगळे."

तरसाने ते लिहून घेतलं. "हे सुनेनं सांगितलं पाहिजे. भाऊ असेल तर शिक्का मारतो. भाडेकरू निघाला तर आत्ता बीळ बुजवतो."

सगळे केतकीकडे बघू लागले. त्या घराला पहिल्यांदाच तिचं तोंड हवं होतं.

"बोल ना गं," नवरा कुजबुजला.

केतकीने सुरी खाली ठेवली.

"हो साहेब, भाऊच आहे माझा. मारा शिक्का." शिक्का उमटेपर्यंत ती थांबली. मग दगडूकडे वळली. "दादा, पंचमीला न्यायला आलास ना? चल. ते माझे कंद घे उचलून, एकही ठेवू नकोस. ओढ्यापलीकडे पोचव, मग ये परत आपल्या खोलीवर. आई, येते मी. लाह्या संपवा सावकाश."

तात्पर्य: परवानगी आणि करार यांच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. भाडेकरूला सुनेचा भाऊ म्हणावं. म्हणजे सून माहेरी जाते, भाडं तिच्यासोबत जातं, आणि भाडेकरू तेवढा जन्मभर आपल्याकडे राहतो.