बिनपाटीची खानावळ

फरशीवरून ताट सरकल्याचा आवाज झाला आणि घरातली शांतता मोडली. वरवट बकालच्या त्या घरात सहा महिन्यांपासून हा आवाज रोज दोनदा येत होता. जनकाबाई अर्धी भाकर खायच्या, ताट पुढे सरकवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. सून अनुपमानं सगळे उपाय करून पाहिले. पातोडी झाली, शेवभाजी झाली, माहेरची आंबील झाली. ताट आपलं सरकतंच!

हे अनुपमाच्या फार मनाला लागायचं, कारण स्वयंपाकात आपला हात धरणारी गावात दुसरी नाही, असं तिचं प्रामाणिक मत होतं. सहा महिन्यांपूर्वी सासऱ्यांच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, तिनं उभ्यानं दोनशे पानं वाढली होती. एक माणूस अर्धपोटी उठला नाही, हे ती आल्यागेल्याला अजून सांगायची.

म्हणून जनकाबाईंचे डोळे दाखवायला बुलढाण्याला जायचं ठरलं, तेव्हा तिनं नवऱ्याला बजावलं, की डोळ्यांचं काय निघायचं ते निघो, पण सासूबाईंना एक वेळ तरी पोटभर जेवताना मला पाहायचंय. सागरला तेवढंच पाहिजे होतं. शहरात चांगलं जेवण कुठं मिळतं हे ओळखायचं शास्त्र आपल्याजवळ आहे, असं तो लग्न ठरल्यापासून सांगत आला होता. मोबाइलमधले तारे खोटे, रंगीत पाट्या खोट्या, खऱ्या फक्त चपला. जिथं पाटी नाही पण दारात चपलांचा ढीग आहे, तिथं डोळे मिटून बसायचं. अशीच एक घरगुती खानावळ त्याला मित्रानं सांगितलीही होती. बाजाराच्या मागची गल्ली, दारात मांडव, खाली बसून पंगत.

डोळे तपासून होईतो दुपारचा एक वाजला. औषध टाकल्यामुळे जनकाबाईंना सगळं धूसर दिसत होतं, तेव्हा अनुपमानं त्यांचा हात धरला. गल्ली सापडली. मांडवही सापडला. आणि चपला तर एवढ्या, की आपली कुठं काढावी हा प्रश्न पडावा. शेतकऱ्यानं भरलेल्या खळ्याकडे पाहावं तसं सागरनं त्या ढिगाकडे पाहिलं आणि बायकोला फक्त "पाहा" म्हणाला.

आत एका माणसानं काही न विचारता "या, बसा" म्हणत चौघांना पंगतीत बसवलं. पाच वर्षांची छकुली आजीला चिकटून बसली. समोर खुर्चीवर एका म्हातारीचा फोटो होता, हार घातलेला. अनुपमानं नवऱ्याला कोपर मारलं. त्यानं हळूच समजावलं, की जुन्या खानावळीत असा फोटो असतोच, हिनंच सुरू केली असेल. वाढणाऱ्याचं डोकं गुळगुळीत होतं. तो तिरुपतीहून आला असेल. पलीकडे दोघी बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

"भाजी तिखट असन," सागर म्हणाला.

भाजी आलू-वांग्याची होती, तेरवीला करतात तशी, आणि मुळीच तिखट नव्हती. अनुपमाचा घास हातातच राहिला. आपण कुणाच्या तरी तेरवीत, बिनबोलावता, लेकरासकट जेवायला बसलोय! आता उठावं, तर भरल्या पंगतीतून कसं उठावं? तिनं सासूकडे पाहिलं आणि उठायचा विचारच गेला. जनकाबाई जेवत होत्या. पोळी वरणात कुस्करून, मन लावून. दुसरी पोळी घेतली. भाजी मागून घेतली. अनुपमानं मान खाली घातली आणि मनात म्हटलं, देवा, यांचा भात होईतो तेवढं सांभाळ.

देवानं सांभाळलंही असतं, पण सागर बोलला. गुळगुळीत डोक्याच्या माणसाला थांबवून, अगदी अंतःकरणापासून.

"भाऊ, भाजी एक नंबर. दोन पार्सल बांधून द्या. आता आमी दर महिन्याले येत जाऊ."

पंगत जागच्या जागी थांबली. ज्या घरातून निघताना माणसं 'येतो' म्हणत नाहीत, तिथं यानं महिन्याचं येणं पक्कं केलं होतं. त्या माणसानं भाजीची बादली खाली ठेवली.

"तुमी आमच्या मायचे कोन लागता?"

सागरनं मित्राचं सांगितलं, खानावळीचं सांगितलं, चपलांचं शास्त्रही सांगितलं. प्रत्येक वाक्यागणिक तो आणखी खोल जात होता, आणि तळाशी पोचल्यावर त्यानं पाकीट काढलं. अनुपमाला वाटलं, आपण पत्रावळीखाली मावलो असतो तर बरं झालं असतं.

तेव्हा जनकाबाई बोलल्या.

"कोनी नाही लागत, बाबा. मले डोयानं दिसत नाही, पन उदबत्तीच्या वासानं दारातच समजलं. परत फिराले पाह्यजे होतं. पन तू बस म्हनलास." त्यांनी पोळीचा शेवटचा तुकडा वरणात बुडवला. "आमच्या घरच्या तेरवीत मले कोनी बस म्हनलंच नाही. सारं गाव जेवलं. ज्याचं मानूस गेलं त्याले बी भूक राह्यते, हे कोनाच्या ध्यानातच नाही आलं."

त्या माणसानं पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. भाताची परात आणवली आणि स्वतः वाकून वाढलं. "आमची माय कोनाले उपाशी जाऊ देत नोती," एवढंच म्हणाला. निघताना दोन पार्सलंही हातात दिली. कुणी 'येतो' म्हटलं नाही. सागर मान खाली घालून ढिगात आपली चप्पल शोधत होता.

परतीच्या एसटीत जनकाबाईंना गाढ झोप लागली. सागर खिडकीबाहेर पाहत होता. अनुपमाच्या मांडीवरची भाजी अजून कोमट होती. छकुली बराच वेळ बोटं मोजत काहीतरी जुळवत होती. मग तिनं आईचा पदर ओढला.

"आई, आबाच्या तेरवीले तं तूच वाढत होती ना? मंग आजीले काऊन नाही वाढलं?"