बायकोच्या वाढदिवसानंतरचा चौथा दिवस

आमच्या खिडक्यांच्या कारखान्यात, जेवणाच्या खोलीत, मायक्रोवेव्हच्या बरोबर वर एक सरकारी कागद काचेत लावलेला आहे. कामगारांचे रजेचे हक्क. साडेतीनशे माणसं रोज त्याच्याखाली उभी राहून डबा गरम करतात, आणि तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस मी एकटा! ऑरिन हौगली, काच-विभाग, एकोणीस वर्षं नोकरी. बाळंतपणाची रजा, आजारपणाची रजा सगळ्यांना ठाऊक असते. पण खाली बारीक अक्षरात असंही लिहिलंय की तुमचा मुलगा, मुलगी, नवरा, बायको लष्कराच्या बोलावण्यावरून परदेशी गेले असतील, तर त्यांच्यासाठी तुम्हाला रजा मिळते आणि त्या रजेपायी नोकरीला धक्का लागत नाही. ते मधे सुटीवर घरी आले, तर नुसतं त्यांच्यासोबत राहायलासुद्धा मिळते. हे मी तोंडपाठ करून ठेवलं होतं, कारण माझी मुलगी सिग्ने दहा महिने लष्कराबरोबर कुवेतमध्ये होती.

ती गेली तेव्हा मी हा कागद वाचलेला नव्हता, हे आधीच कबूल करतो. आमच्याकडे न सांगता गैरहजर राहिलं की एक गुण लागतो. शाळेतले गुण चांगले, इथले वाईट. आठ झाले की नोकरी संपली. माझे सात झालेले. दोन तर ट्रक बर्फात घसरून खड्ड्यात गेला त्याचेच. म्हणून गावातून सिग्नेची तुकडी निघाली, बँड वाजला, सगळं गाव जमलं, तेव्हा मी काच कापत होतो. माझी बायको लॉर्ना एकटी गेली. सिग्नेने तिला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबांना सांग, काही हरकत नाही." ते 'काही हरकत नाही' दहा महिने माझ्या डोक्यातून गेलं नाही. रात्री झोपताना आठवायचं आणि सकाळी दाढी करतानाही आठवायचं.

तर मार्चमधल्या एका सोमवारी, ऐन जेवणाच्या सुटीत, सिग्नेचा फोन आला. फोनवर तारखा बोलायच्या नाहीत हा लष्कराचा कडक नियम. कोण ऐकत असेल सांगता येत नाही. म्हणून आमच्या गावात ज्यांची ज्यांची पोरं तिकडे आहेत, त्या घरांत खुणा ठरलेल्या असतात. अमक्याचा वाढदिवस अधिक इतके दिवस, अशा.

"बाबा, पंधरा दिवसांची सुटी मिळाली," ती म्हणाली. "आईचा वाढदिवस अधिक चार. दुपारी, मोठ्या विमानतळावर. एकटेच या. आईला एक अक्षर सांगायचं नाही, मला तिला दारात गाठायचंय. आता आमचे फोन जमा करतायत, म्हणजे थेट तिथेच भेट. कळलं ना?"

"न कळायला काय झालं?" मी म्हणालो. फोन बंद झाला.

मी तसाच उठून रोवीनाच्या टेबलाशी गेलो. रोवीना आमच्याकडे हजेरी, रजा, गुण सगळं बघते, आणि लॉर्नाबरोबर चर्चमध्ये गाते. मी तिला कागदातलं कलम धडाधड म्हणून दाखवलं; सिग्ने घरी येतेय हे मात्र सांगितलं नाही, लॉर्नाच्या कानावर गेलं असतं. ती खूश झाली. एवढ्या वर्षांत ही रजा कुणी मागितलीच नव्हती म्हणे. तिने कपाटातून कोरा अर्ज काढला, माझं नाव लिहिलं, सिग्नेचं लिहिलं, आणि पेन टेकवून विचारलं, "कुठल्या तारखेपासून?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की मला लॉर्नाचा वाढदिवस माहीतच नाही.

हसू नका. मला अगदीच माहीत नव्हता असं नाही. तळ्यावरच्या बर्फात मासे धरायला आम्ही जी लाकडी खोपटी ठेवतो, ती मार्चमधल्या एका सोमवारपर्यंत काढून न्यावी लागतात, नाहीतर दंड. त्या गडबडीत कधीतरी तिचा वाढदिवस येतो. पण तो मुदतीचा सोमवार दर वर्षी सरकतो, आणि वाढदिवस आपला जागच्या जागी. बाकी काळजी माझी मेव्हणी आर्डिस घ्यायची. आदल्या दिवशी तिचा फोन यायचा, "उद्या आहे. फुलं आण." तीस वर्षं मी फुलं आणत आलो. पण या जानेवारीत ट्रकला बर्फ लोटायचं पातं लावून मी तिचं आवार साफ करून द्यायला गेलो आणि तिची टपालपेटी मुळासकट उपटली. महिन्याभरात नवी बसवली, तीही उपटली. तेव्हापासून आर्डिसने माझं नाव टाकलंय.

हे सगळं रोवीनाला कसं सांगणार? संध्याकाळपर्यंत चर्चभर झालं असतं. म्हणून मी छाती काढून म्हणालो, "तारीख सांगता येणार नाही. लष्करी गुपित आहे."

रोवीनाचा चेहरा बदलला. तिने आवाज खाली आणला. तारखेशिवाय अर्ज पुढे जात नाही, आणि अर्ज नसताना मी गैरहजर राहिलो तर तो आठवा गुण, असं तिने मला समजावून सांगितलं. शुक्रवारी दुपारपर्यंत तारीख दे, म्हणाली. चुकीची तारीख दिलीस तर रजा वाया जाईल आणि खऱ्या दिवशी तुला सोडता येणार नाही, हेही म्हणाली. मी मान डोलावली. माझं खोपटं अजून बर्फावरच होतं, मुदतीला आठवडा होता, म्हणजे वाढदिवस यायचाय, असा माझा हिशेब.

मंगळवारी आर्डिसला फोन केला. तिने माझा आवाज ऐकला आणि ठेवला. पुन्हा केला, पुन्हा ठेवला. त्या दिवशी लॉर्ना गाण्याच्या सरावाहून उशिरा आली, जरा गप्प गप्प होती. फ्रीजमध्ये केकचा तुकडा होता तो मी उभ्या उभ्या खाल्ला आणि छान झालाय म्हणालो. तिने ताटली उचलून धुवून टाकली.

बुधवारी सकाळी ती मोजे शोधत होती, तेवढ्यात मी तिच्या पर्समध्ये हात घातला. गाडीच्या परवान्यावर जन्मतारीख असतेच ना! मनगटापर्यंत हात आत, आणि मागे ती उभी. काय शोधतोयस, तिने विचारलं. मी म्हणालो, खोकल्याची गोळी. तिने गोळी काढून दिली आणि मी ती चघळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मग पर्स घेऊन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला गेली.

मग मी जे केलं ते करायला नको होतं. आमच्या पलंगाखाली एक निळी लोखंडी पेटी आहे. सिग्ने जाताना तिचं मृत्युपत्र बंद पाकिटात घालून त्यात ठेवून गेली. लष्कर सगळ्यांकडून लिहून घेतं. ती परत येईपर्यंत ती पेटी उघडायची नाही, असं लॉर्नाने माझ्याकडून वचन घेतलेलं. पण आमचा लग्नाचा दाखलाही त्यातच होता. मी पेटी उघडली. पाकीट डोळे मिटून बाजूला केलं, खरंच सांगतो. दाखल्यावर वय होतं, 'तेवीस'. तारीख नव्हती! कामाला उशीर होत होता, म्हणून पेटी आत ढकलली आणि पळालो. किल्ली तिलाच लटकत राहिली.

कारखान्यात आमचा सुपरवायझर डेल माझ्याशी एकाएकी गोड बोलायला लागला. मला खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! सिग्ने कशी आहे, त्याने विचारलं. मी म्हणालो, "त्याबद्दल काही बोलता येत नाही रे." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. डेलची बायको चर्चच्या स्वयंपाकघराची मुकादम, हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

आमच्या गावात दुःखाच्या घरी कुणी बोलत बसत नाही. हॉटडिश आणून देतात. खिमा, वर घट्ट सूप, वर बटाट्याचे तुकडे, ओव्हनमध्ये भाजलेलं मोठं भांडं, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, परत करायला सोपं जावं म्हणून. एक आलं तर कुणी आजारी आहे. तीन आली तर माणूस गेलंय.

गुरुवारी दुपारी कामावरून घरी आलो तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाच हॉटडिश होत्या. त्यांच्यामध्ये निळी पेटी, किल्लीसकट. लॉर्ना अंगातला कोट न काढता समोर बसलेली. हात मांडीवर, तोंडाला रंग नाही.

"दारात पाच जणी आल्या," ती म्हणाली. "एकीनेही वर बघितलं नाही. भांडं दिलं आणि गेल्या. मी कामावर असताना लष्कराचे ते दोघं गणवेशवाले येऊन गेले का, माणूस गेल्याचं सांगायला येतात ते? तुला सांगून गेले?"

"कोण गणवेशवाले?"

"ऑरिन, तीन दिवस तू माझ्याशी धड बोलत नाहीस. पर्स उचकतोस. ही पेटी उघडलीस. भांडण असताना आर्डिसला दोन-दोनदा फोन करतोस." तिने पेटी माझ्याकडे ढकलली. "सिग्ने आहे की नाही, तेवढं सांग. बाकी नंतर सांग."

मी खाली फरशीवरच बसलो आणि तिचे गुडघे धरले. "आहे," मी म्हणालो. "लॉर्ना, आहे ती. धडधाकट आहे. घरी येतेय सुटीला. तुला सांगायचं नाही म्हणाली, तुला चकित करायचं होतं तिला."

ती आधी रडली, मग तिने टेबलावरचा ओव्हनचा जाड हातमोजा घेऊन मला चार-पाच हाणले, आणि मग पुन्हा रडली. मीही रडलो. दहा महिन्यांचं सगळं त्या फरशीवर निघालं. शेवटी तिने नाक पुसलं आणि विचारलं, "कधी येतेय?"

"तुझ्या वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी."

"मग पेटी कशाला उघडलीस?"

मी हातमोजा उचलून टेबलावर नीट ठेवला.

"ऑरिन," ती अगदी हळू म्हणाली, "माझा वाढदिवस कधी असतो?"

"मार्चमध्ये," मी म्हणालो.

तिने कोटाची बटणं एक एक करून सोडली. "परवा झाला," ती म्हणाली. "मंगळवारी, पंधरा तारखेला. सरावात सगळ्यांनी केक कापला. घरी आणलेला तुकडा तू खाल्लास आणि छान झालाय म्हणालास. मला वाटलं, आर्डिसशी भांडण आहे, तरी एवढं विसरणार नाही हा. नक्की याच्या मनावर काहीतरी भयंकर आहे. म्हणून तर घाबरले."

मंगळवार अधिक चार म्हणजे शनिवार. म्हणजे परवा! आणि शनिवारी कारखान्यात सक्तीचा जादा दिवस होता. लॉर्नाने लगेच रोवीनाला फोन लावला, आणखी हॉटडिश थांबवायला. तिने रोवीनाला काय काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी बाहेर ट्रकमध्ये जाऊन बसलो होतो.

शुक्रवारी सकाळी सातला मी रोवीनापुढे उभा. तारीख एकोणीस, रजा पाच दिवस, कारण मुलगी सुटीवर. तिने अर्ज दोनदा वाचला, सही केली. "गुण लागणार नाही," म्हणाली. "सिग्नेचा सुटीचा कागद नंतर आणून दे." मग चष्म्यावरून बघत तिने विचारलं, "केक माझ्या हातचा होता, खरंच छान झाला होता का?" डेलने माझ्याकडून खुर्ची परत घेतली.

शनिवारी पाच तास गाडी चालवून आम्ही दोघं विमानतळावर पोचलो. सिग्ने फिरत्या जिन्यावरून खाली आली, पाठीवर भलीमोठी पिशवी, चेहरा उन्हाने तांबूस झालेला. मला शोधत होती, आणि दिसली तिला आई. पिशवी तिथेच पडली. त्या दोघी किती वेळ तशा उभ्या होत्या मला ठाऊक नाही. मग ती माझ्याकडे आली. मी दहा महिने घोकलेलं सगळं विसरलो. "त्या दिवशी मी यायला हवं होतं," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "आज आलात ना," आणि माझ्या जाकिटात तोंड खुपसलं.

सोमवारी मुदत होती म्हणून आम्ही तिघं तळ्यावर खोपटं ओढायला गेलो. कायद्याने संरक्षित रजेवर! तिथे थर्मासमधली कॉफी ओतताना लॉर्नाने पाच हॉटडिशची सगळी हकिकत सांगितली आणि विचारलं, "अगं, साऱ्या जगातल्या तारखा सोडून तुला माझाच वाढदिवस सापडला? तोही याच्या भरवशावर?"

सिग्ने हसत बर्फावर बसली. "बाबांच्या भरवशावर कशाला? आर्डिस मावशी आदल्या दिवशी फोन करते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. टपालपेट्यांचं मला कुणी कळवलंच नाही." मग कॉफी हातात घेऊन म्हणाली, "आणि समजा शत्रूने बाबांना पकडलंच असतं, तरी ही तारीख काही फुटली नसती."

पंधरा दिवसांनी ती परत गेली. या वेळी मी निरोपाला होतो. रोवीनाने त्या दिवसासाठी स्वतःहून अर्ज भरून ठेवला होता.

मायक्रोवेव्हवरचा तो कागद अजून तिथेच आहे, आणि शेवटपर्यंत वाचलेला माणूस अजूनही मी एकटाच. फक्त त्याच्या खाली आता रोवीनाच्या मोठ्या अक्षरातली एक चिठ्ठी डकवलेली आहे: 'ऑरिन, लॉर्ना, १५ मार्च.' ती साडेतीनशेच्या साडेतीनशे जणांनी वाचलीय.