दोन नारायणबुवा

जुनी फाईल ठेवावी तर चित्र उमटेना, नवी घालावी तर मूळ प्रोग्रामच उघडेना. सिल्व्हासाच्या सरकारी प्रयोगशाळेत सदाशिवराव सकाळपासून या कात्रीत सापडले होते. सिकलसेलच्या रुग्णांच्या जनुकांची अक्षरं जुळवणारा प्रोग्राम इतके दिवस झकास चालत होता. आता फ्लॉपीतून त्याचा जोडप्रोग्राम आला होता, त्या अक्षरांचं रंगीत चित्र काढणारा. उद्या मोठे साहेब ते चित्र बघायला येणार होते. दिसलं नाही तर संगणक दमणला हलवायचा, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

भांडण एका फाईलवरून होतं. मूळ प्रोग्रामला जुनी हवी, जोडप्रोग्रामला नवी, आणि दोघींचं नाव एकच. एक आत आली की दुसरी पुसली जायची.

"रामकृष्ण हरी," म्हणत सदाशिवराव फ्लॉपी पुन्हा सारणार, तोच सुकदेव दारात. हा शिरपूरकडचा, इथं धाग्याच्या कारखान्यात. गावातल्या टोकरखाडा भागातलं आजचं संध्याकाळचं कीर्तन दोघांनी मिळून ठरवलं होतं.

"भाऊ, नारायणबुवा आले. तुमच्या घरीच उतरवलं. तुम्ही काय करून ऱ्हायले?"

"दोन फाईली भांडतायत, त्यांची समजूत काढतोय. बुवांना चहा दिला का? आलं घालून लागतो त्यांना."

"बुवा चहाला शिवत बी नाहीत."

सदाशिवरावांचा हात थांबला. "रत्नागिरीचे नारायणबुवा चहाला शिवत नाहीत?"

"रत्नागिरीचे कोण? मी आमच्या शिरपूरच्या नारायणबुवांना सांगितलं. तुम्हीच म्हणले ना, नारायणबुवांना बोलवू."

सदाशिवरावांनी रत्नागिरीला स्वतः पत्र टाकलं होतं. ते काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे त्यांच्या पत्नी उषाताई, शेजाऱ्यांच्या घरून.

"अहो, आणखी एक नारायणबुवा आलेत. एकांना पुढच्या खोलीत बसवलंय, एकांना आतल्या. ज्याचं ताट ज्याच्या त्याच्या खोलीत. दारं लोटलीत. सध्या दोघांनाही वाटतंय, नारायणबुवा आपण एकटेच."

"ज्याचं ताट ज्याच्या त्याच्या खोलीत," सदाशिवराव पुटपुटले. फोन ठेवून त्यांनी जोडप्रोग्रामाला वेगळा फोल्डर काढून दिला, नवी फाईल त्यात ठेवली, जुनी मूळ प्रोग्रामापाशी. बटण दाबलं. पडद्यावर लाल-निळं चित्र हळूहळू उलगडलं.

संगणक वाचला, आता कीर्तन वाचवायचं होतं. सुकदेवला मागे बसवून त्यांनी स्कूटर घराकडे पिटाळली. दोन बुवा समोरासमोर आले तर काय, हाच विचार वाटभर त्यांच्या डोक्यात होता.

घरी दोन्ही दारं सताड उघडी, दोन्ही खोल्या रिकाम्या.

"मागच्या ओट्यावर बघा," उषाताई म्हणाल्या.

ओट्यावर एकाच सतरंजीवर दोघं बुवा मांडीला मांडी लावून बसले होते. रत्नागिरीकर शिरपूरकरांच्या टाळांवर ठेका धरून पाहत होते, शिरपूरकर बशीत चहा ओतत होते. आल्याचा.

"या सदाशिवराव," रत्नागिरीकर म्हणाले, "पूर्वरंग माझा, उत्तररंग यांचा. ठरलं आमचं."

सदाशिवरावांनी दोघांच्याही पायांवर डोकं ठेवलं.

सुकदेवनं बशीकडे पाहिलं, मग सदाशिवरावांकडे.

"भाऊ, त्या तुमच्या फाईलींना उगाच वेगळं काढलं. आधी चहा पाजून पाहायचा होता."