फोल्डरागणिक म्हात्रे

आमच्या ऑफिसातले हरिश्चंद्र म्हात्रे कुठल्याही दारातून सरळ आत येत नाहीत. उंबऱ्याशी थांबतात, डोळे मिटतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि मग पाऊल टाकतात. ऑफिसचं दार असो, साहेबांची केबिन असो, नाहीतर पुरुषांचं स्वच्छतागृह. मागून येणाऱ्याने पाठीवर चहा सांडला तरी त्यांची तक्रार नसते. "सेटिंग लागू दे की," एवढंच म्हणतात आणि ओल्या शर्टाने जागेवर जाऊन बसतात.

मला आधी वाटलं, माणूस देवभक्त असेल. तसं काही नव्हतं. माणूस प्रोग्रामर होता.

पनवेलात आमची लहानशी कंपनी आहे. न्हावा शेव्याच्या बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एजंटांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. मी चुका शोधते, म्हात्रे त्या दुरुस्त करतात, त्यामुळे आमचं फारसं पटायचं नाही. ते सगळं काम एका जुनाट एडिटरमध्ये करतात. इतर लोक त्यात मजकूर लिहितात. म्हात्रे त्यात मेल वाचतात, गजर लावतात, आणि त्याच्याच पोटातल्या शेल नावाच्या खिडकीत हुकूम टाइप करत दिवस काढतात. एडिटर बंद केलेला मी तरी पाहिलेला नाही.

प्रत्येक एजंटाचा वेगळा फोल्डर असतो आणि त्यात सेटिंगची एक बारीकशी फाइल. याच्या तारखा अशा लिहा, याचे कागद अमुक सर्व्हरवर पाठवा, असं काय काय. फोल्डरातला एखादा कागद उघडला की सेटिंग आपोआप लागते. पण शेलमधून नुसतंच या फोल्डरातून त्या फोल्डरात गेलं, तर एडिटरला त्याचा पत्ता नसतो. तुम्ही नव्या घरात आणि तो वागतो जुन्या घराच्या रीतीने. याच भानगडीत म्हात्र्यांच्या हातून एकदा सुक्या बोंबलांच्या कंटेनरचे कागद एका औषधवाल्याच्या सर्व्हरवर गेले. औषधवाला साहेबांना फोन करकरून बोंबलांचं काय करू विचारत होता. साहेबांनी म्हात्र्यांना सगळ्यांसमोर झापलं.

म्हात्र्यांनी निमूटपणे चार-पाच ओळी लिहिल्या. शेलमध्ये फोल्डर बदलला की आधीची सेटिंग काढून टाकायची, नव्या फोल्डराची वाचायची आणि लावायची. तेव्हापासून "आधी मागचं उतरवा, मग पुढचं चढवा" हे त्यांचं पालुपद झालं. नव्या मुलांना सांगायचे, साहेबांना सांगायचे, एकदा तर रिक्षात सीट न मिळाल्याने भांडणाऱ्या बाईंना सांगून शिव्या खाल्ल्या.

स्वतः म्हात्रेही असेच फोल्डरागणिक चालायचे. ऑफिसात इंग्रजी घुसडलेलं शुद्ध मराठी. घरून आईचा फोन आला की दुसराच माणूस बोलायला लागे, "नाय गं आये, हाय मी, कुटं जातंय." आठवड्यातले दोन दिवस ते घरून काम करत. एकदा मीटिंग चालू असताना एका मोठ्या एजंटाला त्यांनी कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "नाय व्हनार ते. भरती उतरल्यावर बघू." कसली भरती, एजंटाने विचारलं. मग म्हात्रे शांतपणे म्हणाले, "सॉरी. स्वयंपाकघरातून थेट आलो. मागचं उतरलं नव्हतं." मी आठवडाभर त्यांची नक्कल करून लोकांना हसवत होते. मला तेव्हा ते स्वयंपाकघर माहीत नव्हतं.

पुढे एकदा त्यांचा दुरुस्त झालेला लॅपटॉप द्यायला मी घरी गेले. घरात दोघंच, म्हात्रे आणि त्यांची आई. म्हात्र्यांनी लग्न केलेलं नाही. गावातलं घर विमानतळाच्या जमिनीत गेलं आणि ते आईला घेऊन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आले. आई आली, पण डोक्याने आलीच नाही. या फ्लॅटमध्येच तिने आपलं जुनं घर मांडलं होतं.

स्वयंपाकघरात तिने म्हात्र्यांना पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला. "भरती लागली. तुमी उघाडी खोलली का?" उघाडी म्हणजे मिठागरात समुद्राचं पाणी घ्यायचं दार. तिच्या लेखी म्हात्रे तिथे स्वतःचेच वडील होते, वारलेले. "खोलली," ते म्हणाले. झोपायच्या खोलीत ते तिचे धाकटे भाऊ पांडू होते, तेही वारलेले. ती हुकूम सोडायची आणि म्हात्रे "व्हय बाय" म्हणून ऐकायचे. प्रत्येक दारात क्षणभर थांबायचे.

फक्त गॅलरीत ते हरी होते. तिथे ती त्यांना ओळखायची, आणि ओळखलं की झापायची. "हरी, केस किती वाडवलंस? हरी, ते इमान आपल्या चुलीवर उतरतंय, जा, हाकल त्याला." म्हात्रे मान खाली घालून हसत उभे होते. साहेबांसमोर घालतात तशीच मान, पण चेहरा वेगळा होता. ऑफिस सुटलं की ते रोज धावतच घर गाठायचे, ते का, हे मला त्या दिवशी कळलं. उजेड असेपर्यंतच ती गॅलरीत बसायची, ऑफिसात फोनही तिथूनच करायची.

त्यानंतर म्हातारी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, हलवू नका, डॉक्टर म्हणाले. ती झोपायच्या खोलीतल्या खाटेवर पडली ती पडलीच. म्हणजे म्हात्रे आता कायमचे पांडू झाले.

मी भेटायला गेले तर गॅलरी रिकामी. खुर्ची, तुळशीची कुंडी, कपड्यांची दोरीसुद्धा म्हात्र्यांनी खाटेशेजारी आणून लावली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, तिच्यावर वाळलेला टॉवेल. मी बघत राहिले तेव्हा म्हणाले, "सेटिंगची फाइल इथे कॉपी केली मॅडम. वाचलीच जात नाही."

मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी चिडते. सरळ सांगा ना तिला, मी हरी आहे म्हणून, असं मी तोडून बोलले. म्हात्रे म्हणाले, सांगितलं होतं. तिने घाबरून पांडूला हाका मारल्या, घरात कोणी परका शिरलाय म्हणून. मग ते बाहेर गेले आणि पांडू होऊन परत आले.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होते. म्हातारी खंगली होती, पण बोलत होती. म्हात्रे तिचा हात धरून बसले होते.

"पांडू, माजा हरी लय गुनाचा हाय," ती म्हणाली. "त्याच्यासारका पोर पंचक्रोशीत नाय. त्याच्या तोंडावर नाय बोललं मी कदी. आयची नजर लागते. तू पन सांगू नको."

"नाय सांगत, बाय."

"तो कवा येनार?"

"येल. कामावर हाय."

ती थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला कोन नाय रं. मी गेल्यावर त्याला इचारशील ना, जेवलास का म्हनून?"

म्हात्र्यांनी तिचं पांघरूण सारखं केलं. "इचारीन," ते म्हणाले.

"इसरशील तू."

"नाय इसरनार, बाय."

त्याच आठवड्यात ती गेली. हरी शेवटपर्यंत आला नाही असं समजून गेली, हे मला सहन होत नाही.

दिवसकार्य उरकून ते ऑफिसात आले. डोकं भादरलेलं, शर्ट नेहमीचाच. जेवायच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन उठले आणि म्हात्रे पडद्यासमोर तसेच बसून राहिले. मी माझा डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. ज्याने विचारायचं कबूल केलं होतं तो पांडू कधीच वारलेला होता, आणि त्याच्या वतीने शब्द देणारा माझ्यासमोर बसला होता. माझं त्यांचं नातं म्हणाल तर चुका काढण्याचं. तरी मी विचारलं.

"म्हात्रे, जेवलात का?"

त्यांनी वर पाहिलं नाही. मग ते "नाही" म्हणाले, आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून त्यांनी खाली ठेवली.